तापाची तारीख: गणपतीच्या दिवसांत फ्लू ओळखायचा कसा, आणि घरभर पसरू द्यायचा नाही तो कसा

घरात कुणाला ताप आला की थर्मामीटरच्याही आधी पेन हातात घ्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाचा खाडा लिहिता त्याच चौकोनात, आजारी माणसाचं नाव आणि ताप चढल्याची वेळ लिहा. "बाबा, संध्याकाळी ७." एवढं पुरे. पुढच्या आठवडाभरात डॉक्टर जे ठरवतील त्यातलं बरंचसं या एका ओळीवर ठरतं.

हे मी सासूबाईंच्या आजारपणात शिकले. आमचं घर देवगड तालुक्यात, गणपतीला मुंबई-पुण्याहून सगळे आले की बावीस-पंचवीस माणसं. त्या वर्षी गौरी गेल्या आणि दोन दिवसांनी सासूबाई जेवणावरून उठल्या त्या भलतंच बोलायला लागल्या. सुनेला नणंदेच्या नावाने हाक, दुपारी पहाट समजून अंगणात सडा घालायची घाई. अंग फारसं तापलेलं नव्हतं, म्हणून आम्ही "दमल्यात, झोपू दे" म्हणत राहिलो. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "ताप आणि खोकला कधीपासून?" आणि आम्ही चौघांनी चार उत्तरं दिली. दीर म्हणाले गौरी जेवल्या त्या दिवशी, जाऊ म्हणाली त्याच्या आदल्या रात्री, मी म्हटलं विसर्जनानंतर, आणि सासरे म्हणाले, "ती तर चतुर्थीपासूनच खोकत होती." फ्लू होऊन न्युमोनिया झाला होता. आठ दिवस ऑक्सिजनवर होत्या. बऱ्या होऊन घरी आल्या, पण तेव्हापासून आमच्या कॅलेंडरवर तापाची तारीख पडते.

आधी फ्लू म्हणजे काय ते

"पावसात भिजलंय म्हणान ताप इलो," असं आपण सहज म्हणतो. भिजल्याने फ्लू होत नाही. तो इन्फ्लुएंझा नावाच्या विषाणूने होतो. त्याच्या ए आणि बी या दोन जाती माणसांमध्ये दरवर्षी साथ आणतात. २००९ साली ज्याला आपण स्वाइन फ्लू म्हणून घाबरलो तो एच१एन१ हा ए जातीतलाच, आणि आता तो दरवर्षीच्या साथीत मिसळून गेला आहे. १९१८ मध्ये मुंबई बंदरात उतरून देशभर पसरलेली भयंकर साथही इन्फ्लुएंझाचीच होती. आपल्या लोकांनी तिला "मानमोडी" म्हटलं. अंग किती दुखत असेल ते त्या नावातच कळतं.

मग पावसातच तो का वाढतो? दारं-खिडक्या बंद, सगळी माणसं एका माजघरात, कपडे घरातच वाळत, हवा कोंडलेली. त्यात गणपतीला भरलेल्या गाड्यांतून दहा-बारा तास खेटून बसून आलेली माणसं घरात येतात. महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, आणि जानेवारी ते मार्चमध्ये तो पुन्हा डोकं वर काढतो.

विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला १ ते ४ दिवस लागतात, बहुतेकदा २. आणि लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासूनच तो माणूस इतरांना आजार देऊ शकतो. म्हणजे चतुर्थीला हसत-खेळत मोदक वळणारी व्यक्ती पंचमीला आडवी पडली, तर तिच्या शेजारी बसून मोदक वळणाऱ्या सगळ्यांवर पुढचे चार दिवस लक्ष ठेवायचं.

पायरी पहिली: हा फ्लूच आहे का?

साधी सर्दी हळूहळू येते. आज शिंका, उद्या नाक, परवा घसा. फ्लू धाडकन येतो. माणूस दुपारी बाजारात जाऊन आलेला असतो आणि दिवेलागणीला गोधडी ओढून पडलेला असतो. ताप १०१ ते १०४ पर्यंत, थंडी, डोकं ठणकणं, कंबर-मांड्या ठेचल्यासारख्या, कोरडा खोकला, घसा सोललेला, आणि उठून पाणी प्यायचंही त्राण नाही. नाक गळेल किंवा गळणार नाही. लहान मुलांना उलटी-जुलाबही होतात. ताप साधारण तीन-चार दिवसांत उतरतो, खोकला आणि थकवा मात्र दोन आठवडे, कधी त्याहून जास्त रेंगाळतो.

म्हाताऱ्या माणसांचं वेगळं. त्यांना ताप येईलच असं नाही. अचानक गोंधळणं, जेवण टाकणं, चालताना तोल जाणं, नेहमीचा दमा वाढणं, एवढीच खूण असू शकते. सासूबाईंच्या बाबतीत आम्ही फसलो ते इथेच.

आता कोकणातली खरी अडचण. फ्लूच्या महिन्यांतच आपल्याकडे लेप्टो, डेंग्यू आणि मलेरियाही असतो, आणि पहिल्या दिवशी सगळे ताप सारखेच दिसतात. म्हणून ताप आलेल्या माणसाला शांतपणे विचारा आणि उत्तरं त्याच कॅलेंडरवर लिहा.

गेल्या तीन-चार आठवड्यांत शेतात, मळ्यात, साचलेल्या पाण्यात उघड्या पायांनी उतरला होतात का? पायाला चीर, जखम होती का? मग त्याच्या पोटरीवर अंगठा ठेवून हलकेच दाबा. फ्लूमध्ये अंग सगळीकडे सारखं दुखतं. लेप्टोमध्ये पोटऱ्यांना हात लावला तरी माणूस कळवळतो, डोळे लाल होतात पण चिपडं नसतात, आणि सर्दी बहुधा नसते. हा आजार उंदरांच्या, गुरांच्या मुतातून पाण्या-चिखलात येतो. लघवी कमी होणं, डोळे पिवळे होणं ही पुढची आणि धोक्याची पायरी. लेप्टोवर प्रतिजैविक औषध काम करतं, पण ते वेळेत सुरू व्हावं लागतं. लावणी-बेणणी करणाऱ्या माणसाच्या तापाला "फ्लू असेल, उतरेल" म्हणून घरी ठेवू नका, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. डॉक्टरांना "शेतात उतरले होते" हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असं धरून चालू नका.

डेंग्यूत डोळ्यांच्या मागे दुखतं, सांधे-हाडं दुखतात, अंगावर पुरळ येऊ शकतं, खोकला-सर्दी सहसा नसते. त्याचा फसवेपणा असा की ताप उतरतो तेव्हाच, म्हणजे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, खरा धोका सुरू होतो. ताप गेला, पण पोट जोरात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, तर ते बरं होणं नव्हे. इथे पुन्हा तारीख कामाला येते. मलेरियात हुडहुडी भरून ताप, घाम येऊन उतरणं, आणि बरेचदा दिवसाआड तेच चक्र. रक्ताची साधी तपासणी सरकारी केंद्रात होते. ताप असेल तर ती करून घ्यायला लाजू नका.

दोडामार्ग-बांदा भागातल्या वाचकांसाठी एक वाक्य: जानेवारी ते मे या काळात काजूच्या बागेत किंवा रानात जाऊन आल्यावर ताप आला, तर माकडतापाची शंका धरून लगेच दवाखाना गाठा. तो गोचिडीच्या चाव्याने येतो.

कोविड आणि फ्लू मात्र नुसते पाहून वेगळे करता येत नाहीत, त्याला तपासणीच लागते. घरातली काळजी दोन्हीत सारखीच घ्यायची.

पायरी दुसरी: पहिले ४८ तास

फ्लूवर ओसेल्टामिविर नावाचं विषाणूविरोधी औषध आहे. ते लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालं तर सर्वांत चांगलं काम करतं. सगळ्यांना ते लागत नाही. धडधाकट माणसाचा साधा फ्लू विश्रांतीने बरा होतो. पण पुढच्या लोकांनी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये: ६५ वर्षांवरचे, पाच वर्षांखालची मुलं आणि त्यातही दोनच्या आतली, गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायका, मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, कॅन्सरचे उपचार चालू असलेले, रोज स्टेरॉइड घेणारे. यांना ताप-खोकला आला की त्याच दिवशी डॉक्टरांकडे. गोळी सुरू करायची का, हे डॉक्टर ठरवतील. शेजारच्या घरातल्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका.

बाकीच्यांनी घरी काय करायचं ते सांगते.

ताप दिवसातून तीन-चार वेळा मोजा आणि लिहा. काखेतलं माप तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंश फॅरनहाइटने कमी भरतं, हे लक्षात ठेवा. तापाला आणि अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल. मोठ्यांना ५०० किंवा ६५० मिलीग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाहीत. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू पिण्याची सवय असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या बऱ्याच तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, म्हणून पाकिटामागचं वाचल्याशिवाय दोन्ही एकत्र घेऊ नका. मुलांचा डोस वजनावर असतो, तो डॉक्टरांकडून लिहून आणा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यांना या दिवसांत हात लावू नका. ताप डेंग्यूचा निघाला तर त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, आणि मुलांना विषाणूच्या तापात ॲस्पिरिन दिल्याने मेंदू-यकृताचा गंभीर आजार होऊ शकतो. हृदयरोगासाठी कुणी रोज ॲस्पिरिन घेत असेल, तर त्यांनी ती मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारावं.

प्रतिजैविकं फ्लूच्या विषाणूवर चालत नाहीत. हे मला जरा कळकळीने सांगायचं आहे. आमच्या भागातल्या एका औषधाच्या दुकानात ताप म्हटलं की तीन गोळ्यांची पुडी मिळायची. एक प्रतिजैविक, एक पॅरासिटामॉल आणि एक बारीक पांढरी गोळी. ती पांढरी गोळी स्टेरॉइडची होती, हे आम्हाला पुढे कळलं. तिने दोन तासांत माणूस उठून बसतो, म्हणून लोक खूश. पण आजार आतल्या आत वाढतो आणि मधुमेह्याची साखर भडकते. चिठ्ठीशिवाय सुटी गोळी घेऊ नका, आणि घेतली असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

खाण्यापिण्यात आपल्या घरात जे आहे ते उत्तम आहे. उकड्या तांदळाची पातळ पेज, त्यात मीठ आणि चमचाभर तूप. कुळथाचं कळण, शहाळं, ताक. एका वेळी वाटीभर, पण तासा-दोन तासांनी. पाणी पुरेसं जातंय का हे लघवीवरून ओळखा. दर चार-सहा तासांनी झाली आणि फिकट असली की ठीक. गवती चहा, आलं, तुळस यांचा काढा घशाला बरा वाटतो, अवश्य द्या. पण त्याने विषाणू मरतो असं समजून दवाखाना टाळू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. ताप १०३ च्या वर गेला तर कोमट पाण्याने अंग पुसा, बर्फाच्या पाण्याने नाही. वाफ मोठ्यांनी घ्यावी, मुलांना उकळत्या पातेल्यासमोर बसवू नये. दरवर्षी कुणाचं ना कुणाचं पोर त्यात भाजतं.

पायरी तिसरी: पंचवीस माणसांच्या घरात एकाचा ताप एकापाशीच ठेवणं

फ्लू पसरतो तो मुख्यतः खोकताना, शिंकताना, मोठ्याने बोलताना उडणाऱ्या थेंबांतून, आणि त्या थेंबांनी माखलेला हात नाका-डोळ्याला लागल्याने. गुळगुळीत, कडक पृष्ठभागावर हा विषाणू एक-दोन दिवस टिकू शकतो. पहिले तीन-चार दिवस रुग्णापासून सर्वांत जास्त धोका, एकूण पाच ते सात दिवस. लहान मुलं त्याहून जास्त दिवस पसरवतात.

आजारी माणसाला खिडकीची खोली द्या. पाऊस आत येतो म्हणून खिडकी बंद करायची सवय असते, तिच्यावर बाहेरून प्लास्टिकचा झाप बांधा पण उघडी ठेवा. वेगळी खोलीच नसेल तर पडवीच्या टोकाला अंथरूण घाला आणि दुसऱ्या माणसापासून किमान चार-पाच हातांचं अंतर ठेवा. सेवेला एकच माणूस असावं, तेही तरुण आणि निरोगी. गरोदर सुनेवर किंवा आजीवर हे काम टाकू नका. आत जाताना दोघांनी मास्क लावायचा, बाहेर आल्यावर साबणाने हात धुवायचे. बोटांच्या बेचक्यांसकट, मनात वीसपर्यंत मोजत. सॅनिटायझर वापरलात तर त्यात किमान ६० टक्के अल्कोहोल आहे का पाहा.

पिण्याच्या पाण्याची पद्धत बघा. आपल्याकडे हंड्यावर एकच तांब्या आणि एकच पेला, वरून पिणारे वरून पितात, मुलं तोंड लावतात. मी आता गणपतीच्या आधीच बाजारातून रंगीत रबरं आणते आणि प्रत्येक मुलाच्या पेल्याला वेगळ्या रंगाचं घालते. रुग्णाचं ताट-वाटी-पेला वेगळा ठेवा, धुवायला मात्र नेहमीचा साबण आणि गरम पाणी पुरतं. पंचा आणि टॉवेल सगळ्यांत जास्त घात करतात. न्हाणीच्या दारावर लटकलेल्या एका ओल्या पंचाला सकाळपासून दहा जण तोंड पुसतात. तो काढून टाका, ज्याचा त्याला.

आरती आणि भजनाबद्दल बोलणं नाजूक आहे, पण बोललंच पाहिजे. बंद माजघरात मखरासमोर चाळीस माणसं तासभर तार स्वरात गातात, तेव्हा खोलीतली हवा एकमेकांच्या श्वासाने भरलेली असते. भजन खळ्यात मांडवाखाली किंवा ओटीवर घ्या, देवासमोरची दारं-खिडक्या उघडी ठेवा. ज्याला खोकला आहे त्याने आरतीचा आवाज आतून ऐकावा, झांज हातात घेऊ नये. आरतीच्या ताटावरून हात फिरवून आपण तो तोंडावरून, डोळ्यांवरून फिरवतो. ज्योतीवरून क्षणभर फिरवलेला हात स्वच्छ होत नाही. आधी हात धुऊन या. प्रसाद वाटणाऱ्याने चमचा वापरावा.

आणि घरातच ताप असेल तर दर्शनाला येणाऱ्यांना सरळ सांगा. आम्ही एका वर्षी पेळेवर पाटी लावली होती: "घरात ताप आहे, दर्शन ओटीवरून घ्यावे." वाडीतले लोक काय म्हणतील ही धास्ती मला दोन दिवस होती. तिसऱ्या दिवशी खालच्या घरातल्या काकी लांबूनच म्हणाल्या, "बरा केलंस गो, माझी नात लहान आसा."

खोकताना रुमाल नसेल तर कोपराच्या आत तोंड घाला, तळहातावर नाही. अंगावर दूध पिणाऱ्या बाळाच्या आईला फ्लू झाला तर दूध तोडू नका. मास्क लावून, हात-छाती स्वच्छ करून पाजावं.

औषध न घेता ताप उतरून पूर्ण २४ तास झाल्याशिवाय शाळा, बाजार, एसटी नको. परतीचं आरक्षण मिळणं किती कठीण असतं हे मला ठाऊक आहे. पण ताप असताना गाडीत बसलात तर पूर्ण डब्याला वाटून जाल, आणि वाटेत दम लागला तर रात्री डॉक्टर कुठून आणणार?

बोटीवरच्या मंडळींसाठी

३१ जुलैला मासेमारीची बंदी उठते आणि मिरकरवाडा, हर्णै, देवगड, मालवणच्या बोटी बाहेर पडतात, तो हाच फ्लूचा मोसम. ट्रॉलरच्या केबिनमध्ये आठ-दहा खलाशी कुशीला कूस लावून झोपतात, एकाच टोपातून जेवतात. निघण्याच्या दिवशी कुणाला ताप, घसा, कणकण असेल तर त्याला किनाऱ्यावर ठेवण्याचा निर्णय तांडेलने, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाने, घ्यावा, आणि मालकाने त्याची मजुरी कापू नये. नाहीतर तो सांगणारच नाही. समुद्रात ताप आला तर त्याला मोकळ्या हवेत उघड्यावर, ताडपत्रीच्या आडोशाला झोपवा, जेवण वेगळं द्या. पेटीत पॅरासिटामॉल, थर्मामीटर, मास्क, मीठ-साखरेच्या पुड्या आणि बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा ऑक्सिमीटर ठेवा. दम लागला तर जाळं पूर्ण होण्याची वाट न पाहता बोट वळवा.

पायरी चौथी: उठून निघायची वेळ

पुढचं काहीही दिसलं तर उद्या सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजता दिसलं तर रात्री दोन वाजता १०८ ला फोन करा, ही रुग्णवाहिका मोफत आहे. वाडीपर्यंत रस्ता नसेल तर डांबरी रस्त्यावरची ओळखीची खूण सांगा आणि एक माणूस बॅटरी घेऊन तिथे उभा करा.

बसल्या जागी दम लागणं, छातीत दुखणं, ओठ-नखं निळसर पडणं, थुंकीत रक्त, जागं राहता न येणं किंवा असंबद्ध बोलणं, चक्कर येऊन पडणं, दिवसभर लघवी न होणं. ऑक्सिमीटरवर ९४ पेक्षा कमी. तो लावताना बोट गरम करा, नखांचा रंग काढा, मिनिटभर हात स्थिर ठेवा, मगच आकडा धरा. आणि एक खूण बरेच जण सोडून देतात: ताप उतरला, दोन दिवस बरं वाटलं, आणि पुन्हा ताप चढून खोकला वाढला. फ्लूवर न्युमोनिया चढल्याची ती खूण असते. कॅलेंडरवर तारखा असतील तर ती लगेच दिसते, नसतील तर "अजून तोच ताप आहे" असं वाटत राहतं.

मुलांचा श्वास मोजायला शिका. मूल शांत किंवा झोपलेलं असताना सदरा वर करा, मोबाईलवर एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचं ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचं ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचं ४० किंवा जास्त भरलं तर श्वास जलद आहे. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडणं, दूध-पाणी न घेणं, झटके येणं, उचलल्यावरही निपचित राहणं, ही थांबण्याची वेळ नाही.

निघताना कॅलेंडरचं ते पान मोबाईलमध्ये फोटो काढून घ्या. दिलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका.

लस

फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. लशीने अंगात फ्लूशी लढायची ताकद यायला दोन आठवडे लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात साथ येते, म्हणून ती एप्रिल-मेमध्ये, आंब्याच्या गडबडीतच, घेऊन टाकावी. ती हुकली असेल तर गणपतीच्या तीन आठवडे आधी घेतली तरी उपयोग आहे. सुईने दिल्या जाणाऱ्या या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे लशीने फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण वाटते. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण रुग्णालय गाठण्याची वेळ येण्याची शक्यता कमी होते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ती देता येत नाही. त्याचं संरक्षण गरोदरपणी आईने घेतलेल्या लशीतून होतं. गरोदर बायका आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना सरकारी दवाखान्यात ही लस मोफत देण्याची सोय राज्यात आहे. साठा कधी येतो ते आशाताईंना आधीच विचारून ठेवा. सहा महिने ते आठ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. पहिला डोस झाल्या झाल्या दुसऱ्याची तारीख त्याच कॅलेंडरच्या पुढच्या पानावर, मुलाच्या नावासकट, लिहून टाका.